वळतीची वही : डेटाबेसातील अनेकांचे अनेकांशी नाते

व्यापारी पेढीच्या हिशेबात ज्या गोष्टी परस्परांशी जोडलेल्या असतात, त्यांतील काहींचे नाते सरळ असते आणि काहींचे गुंतागुंतीचे. ग्राहक आणि बिल यांचे नाते सरळ आहे. एका ग्राहकाच्या नावे वर्षभरात कितीही बिले निघोत, प्रत्येक बिल एकाच ग्राहकाचे असते. म्हणून बिलावर ग्राहकाचे नाव घातले की काम संपले. बिल आणि भरणा यांचे तसे नाही. ग्राहक कधी एकाच धनादेशाने तीन बिले चुकती करतो, तर कधी एकच मोठे बिल चार हप्त्यांनी फेडतो. एका भरण्याला अनेक बिले आणि एका बिलाला अनेक भरणे, असा हा दुहेरी संबंध आहे. आता पुष्कळ पेढ्यांचे हिशेब संगणकावर गेले आहेत आणि घरातील शिकलेली मुलेमुली असे कार्यक्रम स्वतः रचू पाहतात. त्यांना, आणि त्यांच्याकडून काम करवून घेणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही, उपयोगी पडावे अशा बेताने या दुहेरी संबंधाची मांडणी कशी करावी, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम थोडे शास्त्र पाहू. संगणकावरील माहिती तक्त्यांच्या रूपाने ठेवावी आणि एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध केवळ लिहिलेल्या मूल्यांवरून जुळवावा, हा विचार एडगर कॉड या आय. बी. एम. कंपनीतील गणितज्ञाने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडला. प्रत्येक तक्त्यात ओळी असतात, प्रत्येक ओळीला स्वतःचा ओळखक्रमांक असतो, आणि एका तक्त्यातील ओळीत दुसऱ्या तक्त्यातील ओळीचा क्रमांक उतरवून ठेवला की दोहोंची जोड होते. अशा उतरवलेल्या क्रमांकाच्या रकान्यास ‘फॉरिन की’ म्हणतात. खतावणीच्या पानावर रोजकीर्दीचा पानक्रमांक लिहून ठेवण्याची आपली जुनी रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे १९७६ साली पीटर चेन यांनी वस्तू आणि त्यांच्यातील संबंध यांचे चित्र काढण्याची पद्धत दिली. नात्याचे स्वतःचेही गुण असू शकतात, हे त्यांनी स्पष्ट दाखविले. त्यांच्या उदाहरणात एक कर्मचारी अनेक प्रकल्पांवर आणि एका प्रकल्पावर अनेक कर्मचारी काम करतात. कोणत्या प्रकल्पाला कोणी किती टक्के वेळ दिला, हा आकडा ना कर्मचाऱ्याचा, ना प्रकल्पाचा. तो त्या दोघांच्या नात्याचा आहे. या एका गोष्टीवर पुढील सारे विवेचन उभे आहे.

बिलाच्या तक्त्यात ‘भरणा क्रमांक’ असा एक रकाना ठेवला, तर दुसऱ्या हप्त्याला जागा उरत नाही. ‘भरणा १’, ‘भरणा २’, ‘भरणा ३’ असे तीन रकाने ठेवले, तर चौथा हप्ता येईपर्यंतच निभाव लागतो. एकाच रकान्यात स्वल्पविराम देऊन सारे क्रमांक लिहिणे, हा उपाय तर सर्वांत वाईट. कारण तेथे संगणकाला तो केवळ मजकूर दिसतो, त्यातील क्रमांकाचा भरणा खरोखर अस्तित्वात आहे की नाही हे तो तपासू शकत नाही. यावर उपाय एकच : तिसरा तक्ता. त्याच्या प्रत्येक ओळीत एका बिलाचा क्रमांक आणि एका भरण्याचा क्रमांक. यास जोडतक्ता म्हणावे. आपण व्यवहारात अमुक रक्कम अमुक बिलात ‘वळती करून घेतली’ असे म्हणतो. तेव्हा आपल्या उदाहरणापुरते त्यास वळतीची वही म्हणू.

एका ग्राहकाकडे तीन बिले येणे आहेत असे समजा : पहिले १८,००० रुपयांचे, दुसरे १२,५०० रुपयांचे आणि तिसरे ९,७०० रुपयांचे, एकूण ४०,२००. त्याने प्रथम २५,००० रुपये पाठविले. त्यांतील १८,००० पहिल्या बिलात आणि ७,००० दुसऱ्या बिलात वळते झाले. महिन्याने त्याने १५,२०० पाठविले. त्यांतील ५,५०० दुसऱ्या बिलात आणि ९,७०० तिसऱ्या बिलात गेले. वळतीच्या वहीत अशा चार ओळी होतात. पहिल्या भरण्याला दोन बिले आहेत आणि दुसऱ्या बिलाला दोन भरणे आहेत. तरीही कोठे ओढाताण नाही. ग्राहकाने माल घेण्यापूर्वीच आगाऊ रक्कम पाठविली, तर भरण्याची नोंद होईल आणि वळतीची एकही ओळ नसेल. भरण्यातून वळत्यांची बेरीज वजा केली की शिल्लक आगाऊ रक्कम निघते.

आता वहीत केवळ दोन क्रमांक लिहिले आणि रक्कम लिहिली नाही, तर काय होईल? पहिला भरणा पहिल्या व दुसऱ्या बिलाशी जोडलेला आहे, इतकेच कळेल. पण २५,००० ही रक्कम दोन तऱ्हांनी वाटता येते : १८,००० आणि ७,००० अशी, किंवा १२,५०० आणि १२,५०० अशी. पहिल्या तऱ्हेत पहिले बिल चुकते होऊन दुसऱ्यात ५,५०० उरतात. दुसऱ्या तऱ्हेत दुसरे बिल चुकते होऊन पहिल्यात ५,५०० उरतात. एकूण येणे दोन्हीकडे सारखेच. मग एवढा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारील. कारण असे की, कायदा एकूण बाकी पाहत नाही, बिल पाहतो. २०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्याप्रमाणे खरेदीदाराने बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराची रक्कम चुकती केली नाही, तर त्या बिलावर घेतलेली कराची वजावट, न दिलेल्या रकमेच्या प्रमाणात, सामान्यतः व्याजासह परत करावी लागते. रक्कम देऊन झाल्यावर ती पुन्हा घेता येते, हे खरे. पण मधल्या काळातील भुर्दंड पडतोच. पाच हजार पाचशे रुपये जुन्या बिलात बाकी आहेत की नव्या, यावर हा प्रश्न अवलंबून आहे.

याहून जुना आधार १८७२ च्या भारतीय करार कायद्यात आहे. त्यातील ५९, ६० आणि ६१ ही तीन कलमे नेमकी याच विषयाची आहेत. देणेकऱ्याने अमुक देण्यापोटी ही रक्कम आहे असे कळविले आणि घेणाऱ्याने ती स्वीकारली, तर ती त्याच देण्यात धरावी लागते. देणेकऱ्याने काही सांगितले नसेल, तर घेणाऱ्याला आपल्या मर्जीने ती कोणत्याही कायदेशीर येण्यात वळती करता येते. दोघांनीही काही ठरविले नसेल, तर सर्वांत जुन्या देण्यापासून क्रमाने फेड होते, आणि समान काळाची देणी असल्यास ती त्या त्या प्रमाणात वाटली जाते. तेव्हा वळतीच्या वहीत रकमेखेरीज आणखी दोन रकाने असणे श्रेयस्कर : वळती केल्याची तारीख, आणि ती कोणाच्या सूचनेने केली. प्रामाणिक ग्राहकाला ‘तुमचे पहिले बिल अद्याप बाकी आहे’ असा तगादा गेला आणि त्याच्याजवळ त्या बिलाचा उल्लेख असलेले पत्र निघाले, तर पेढीची शोभा होते. तसा प्रसंग टाळण्याचे साधन या तिसऱ्या तक्त्यातच आहे.

ही मांडणी प्रत्यक्षात कशी करावी, यासाठी जँगो हे वेब फ्रेमवर्क उदाहरणादाखल घेऊ. वेब फ्रेमवर्क म्हणजे संकेतस्थळावर चालणारे कार्यक्रम रचण्याचा तयार सांगाडा. जँगोचा जन्म अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स या गावच्या वृत्तपत्राच्या कचेरीत, २००३ साली, एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन या दोघांच्या हातून झाला. २००५ च्या जुलैत तो सर्वांना मोफत खुला करण्यात आला. नाव मात्र जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे. पायथन भाषेत प्रत्येक तक्त्यासाठी एक ‘मॉडेल’ लिहावयाचे आणि त्यावरून तक्ता उभारण्याचे काम जँगोने करावयाचे, अशी त्याची रीत आहे.

सरळ नात्यासाठी जँगोमध्ये ‘फॉरिन की’ आहे. दुहेरी नात्यासाठी ‘मेनी-टू-मेनी फील्ड’ आहे. व्यापारी संघाची सूची करावयाची आहे असे धरा. एक सभासद अनेक जिनसांचा व्यापार करतो आणि एका जिनसाचा व्यापार अनेक सभासद करतात. सभासदाच्या मॉडेलमध्ये ‘जिनसा’ नावाचे मेनी-टू-मेनी फील्ड एका ओळीत लिहिले की, जोडतक्ता जँगो स्वतः तयार करतो. आपण तो पाहतही नाही. त्यात सभासदाचा क्रमांक, जिनसाचा क्रमांक आणि ओळीचा स्वतःचा क्रमांक एवढेच असते. तीच जोडी दोनदा लिहिली जाऊ नये, असा निर्बंधही तो आपणहून घालतो. हे फील्ड दोहोंपैकी एकाच मॉडेलमध्ये लिहावयाचे, दोन्हीकडे नव्हे. कोठे लिहावे यास शास्त्रार्थ नाही. नोंद भरणारा माणूस ज्या बाजूने विचार करतो, त्या बाजूस ते शोभते. सभासदाचा अर्ज भरताना आपण जिनसांवर खुणा करतो, जिनसाचा अर्ज भरून सभासदांवर खुणा करीत नाही. उलट बाजूने पाहण्यासाठी ‘रिलेटेड नेम’ म्हणून एक नाव द्यावे, म्हणजे ‘हळद’ या जिनसापासून हळदीच्या सर्व व्यापाऱ्यांपर्यंत तितक्याच सुलभतेने जाता येते. रकाना रिकामा चालेल असे सांगणारा ‘नल’ हा पर्याय येथे निरर्थक आहे, कारण सभासदाच्या तक्त्यात असा रकानाच नसतो. जिनस नसणे म्हणजे जोडतक्त्यात ओळ नसणे.

सूचीपुरते हे पुरेसे होय. परंतु नात्याला स्वतःची माहिती असेल, तेथे अशी न दिसणारी वही चालत नाही. बिल आणि भरणा यांच्या बाबतीत जोडतक्त्याचे मॉडेल आपण आपल्या हाताने लिहावे आणि मेनी-टू-मेनी फील्डला ‘थ्रू’ या शब्दाने सांगावे की, तुझा संबंध या मॉडेलमधून जातो. ही सोय २००८ साली निघालेल्या जँगोच्या पहिल्या पूर्ण आवृत्तीपासून आहे. जँगोच्या अधिकृत मार्गदर्शिकेत यासाठी बीटल्स या इंग्रजी वाद्यवृंदाचे उदाहरण आहे : व्यक्ती, वृंद आणि त्यांच्यामधील ‘सभासदत्व’. रिंगो स्टार वृंदात कोणत्या दिवशी आला आणि त्यास का बोलावले, ही माहिती तेथे सभासदत्वाच्या ओळीत ठेवली आहे. उदाहरण परके असले तरी मर्म तेच.

आपल्या ‘वळती’ मॉडेलमध्ये दोन फॉरिन की असतील, एक बिलाकडे आणि एक भरण्याकडे. शिवाय रक्कम, तारीख आणि सूचना कोणाची हे तीन रकाने. रकमेसाठी ‘डेसिमल फील्ड’ घ्यावे, ‘फ्लोट फील्ड’ कदापि घेऊ नये. फ्लोट ही संगणकाची अंदाजी दशांश पद्धत आहे. तीत दहा पैसे आणि वीस पैसे यांची बेरीज तंतोतंत तीस पैसे येत नाही.

प्रत्येक फॉरिन कीबरोबर, मूळ ओळ कोणी पुसल्यास काय करावयाचे, हे सांगावे लागते. ‘कॅस्केड’ सांगितले तर बिल पुसताच त्याच्या वळत्याही निमूटपणे पुसल्या जातात. जँगो स्वतः तयार करतो त्या जोडतक्त्यातही असेच घडते. सूचीतून एखादा जिनस वगळला तर ते योग्यच. पण पैशाच्या नोंदीत ते अनर्थकारक आहे, कारण भरणा जागेवर राहतो आणि तो कशापोटी आला हे नाहीसे होते. म्हणून वळतीच्या दोन्ही फॉरिन कींना ‘प्रोटेक्ट’ द्यावे. मग वळती झालेले बिल पुसू गेल्यास जँगो ते नाकारतो.

आपण स्वतः मॉडेल लिहिले की, जोडी दोनदा येऊ नये हा निर्बंधही आपणच घालावा लागतो. जँगो तो गृहीत धरीत नाही. अनेक कार्यक्रमांत नेमके हेच राहून जाते आणि बटण दोनदा दाबले गेल्याने एकाच भरण्याची वळती दोनदा चढते. मात्र हा निर्बंध सरसकट घालावयाचा नाही. पुरवठादार आणि जिनस यांच्या दरांची वही असेल, तर तोच पुरवठादार तोच जिनस चैत्रात एका दराने व आश्विनात दुसऱ्या दराने देतो. तेथे पुरवठादार, जिनस आणि दर लागू होण्याची तारीख हे तिन्ही मिळून एकदाच यावेत, असा निर्बंध हवा. कोणते नाते एकदाच घडते आणि कोणते पुनःपुन्हा, हे संगणकाला ठाऊक नसते. ते पेढीवरच्या माणसाला ठाऊक असते, आणि म्हणून हा भाग ठरविताना कार्यक्रम लिहिणाऱ्याने मुनिमाजवळ बसावे, असे माझे मत आहे.

रक्कम शून्याहून अधिक असावी, हा निर्बंध डेटाबेसला सांगता येतो. पण एका भरण्याच्या सर्व वळत्यांची बेरीज भरण्याच्या रकमेहून अधिक होऊ नये, हा नियम अनेक ओळींचा आहे. तो साध्या निर्बंधात मावत नाही. दोन कारकून दोन संगणकांवरून एकाच भरण्याची वळती करू लागले, तर दोघांनाही शिल्लक दिसते आणि दोघेही ती वापरतात. यासाठी सर्व क्रिया एका अखंड व्यवहारात बांधावी, आणि आरंभीच ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ या सूचनेने भरण्याच्या ओळीला कुलूप घालून मगच शिल्लक मोजावी. एसक्यूलाइट या लहान डेटाबेसवर या कुलुपाचा परिणाम होत नाही. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलवर होतो.

नात्यात भर घालण्यासाठी ‘अॅड’, काढण्यासाठी ‘रिमूव्ह’, सर्व काढण्यासाठी ‘क्लिअर’ आणि नवी यादी बसविण्यासाठी ‘सेट’ अशा आज्ञा आहेत. पूर्वी थ्रू मॉडेल असताना अॅड व सेट चालत नसत; २०१९ च्या एप्रिलमध्ये आलेल्या २.२ या आवृत्तीपासून अधिक रकान्यांची मूल्ये सोबत देऊन त्या वापरता येतात. तरी वळतीसारख्या ठिकाणी त्या वापरू नयेत असेच मी सुचवीन. सेट ही आज्ञा नव्या यादीत नसलेल्या ओळी काही न विचारता काढून टाकते, आणि जोडीवर निर्बंध नसेल तेथे रिमूव्ह एका जोडीच्या सर्वच ओळी काढते. वळतीची ओळ थेट लिहावी, आणि चुकल्यास तीच ओळ शोधून दुरुस्त करावी.

आता बेरजेविषयी. हा भाग सावकाश वाचावा, कारण येथे संगणक चूक दाखवीत नाही, चुकीचे उत्तर दाखवितो. एका बिलात तीन जिनसा आहेत : ४,०००, ३,००० आणि २,००० रुपयांच्या, बिल ९,००० चे. त्यावर दोन वळत्या आहेत : ५,००० आणि १,०००, जमा ६,०००. बाकी ३,००० हे उघड आहे. कार्यक्रम लिहिणाऱ्याने जिनसांची बेरीज आणि वळत्यांची बेरीज या दोन्ही एकाच प्रश्नात मागितल्या, तर डेटाबेस तिन्ही जिनसांची दोन्ही वळत्यांशी जोड लावतो आणि सहा ओळी तयार होतात. प्रत्येक जिनस दोनदा येतो, म्हणून बिलाची बेरीज १८,००० होते. प्रत्येक वळती तीनदा येते, म्हणून जमेची बेरीजही १८,००० होते. बाकी शून्य! तीन हजार रुपये येणे असलेले बिल थकबाकीच्या यादीतून नाहीसे होते. नेहमी असे शून्यच येईल असे नाही. पण आकडा खोटा येणार हे निश्चित. बेरीज करताना सारख्या रकमा एकदाच धराव्यात असे सांगण्याचा मोह होतो. तोही उपाय नव्हे, कारण मग २,००० च्या दोन खऱ्या जिनसा एकच मोजल्या जातात. दोन बेरजा दोन वेगळ्या प्रश्नांनी किंवा ‘सबक्वेरी’ वापरून स्वतंत्रपणे काढाव्यात. नवा कार्यक्रम हाती आला की, तीन जिनसा व दोन वळत्या असलेले एक बिल घालून पाहावे. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे आणि ती वडीलधाऱ्यांनाही घेता येते.

वेगासंबंधी थोडेच सांगतो. दोनशे बिलांची यादी दाखविताना प्रत्येक बिलाचे भरणे वेगळे विचारले, तर डेटाबेसला २०१ वेळा विचारावे लागते. ‘प्रीफेच रिलेटेड’ ही सूचना दिली की दोन प्रश्नांत काम भागते.

शेवटचा मुद्दा, ज्यांचा कार्यक्रम आधीच चालू आहे त्यांच्यासाठी. आरंभी न दिसणाऱ्या जोडतक्त्यावर भागविले आणि दोन वर्षांनी रकमेचा रकाना हवा झाला, तर मेनी-टू-मेनी फील्डला मागाहून ‘थ्रू’ जोडणे जँगोला सरळ मान्य होत नाही. तसा बदल तो नाकारतो. जुना तक्ता तसाच ठेवून त्यास नवे मॉडेल बसविण्याची रीत मार्गदर्शिकेत दिलेली आहे : आधी तक्त्याचे केवळ नाव बदलावे, जँगोला मॉडेल नवे झाल्याचे कळवावे, आणि त्यानंतर रकाने वाढवावेत. ते करण्यापूर्वी माहितीची प्रत निराळी काढून ठेवावी. रकमेचा नवा रकाना भरताना जुन्या ओळींत शून्य घालू नये, रिकामे सोडावे. शून्य म्हणजे काही दिले नाही, रिकामे म्हणजे किती ते लिहिलेले नाही. ज्या भरण्याला एकच बिल जोडलेले आहे आणि आगाऊ शिल्लक नाही, तेथे भरण्याची रक्कम हीच वळतीची रक्कम, आणि ती संगणकाकडून भरून घेता येते. उरलेल्या ओळी पावतीपुस्तक आणि ग्राहकाची पत्रे समोर घेऊन हातानेच भराव्या लागतात.